‘घार आहे, पण घार नाही’: धरणावर समुद्रपक्षी दिसल्याची बातमी कशी तपासावी

४ जून २०२०. सकाळी उजनी धरणाच्या काठावरच्या कुंभारगावच्या एका नाववाल्या मामांचा फोन आला. “बाई, धरणावर एक घार आलीय. पण ती घार नाही.”

आदल्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळून पुण्या-नाशिकच्या अंगानं ईशान्येला सरकलं होतं. त्यामुळे मामांचं वाक्य ऐकताच माझ्या डोक्यात एकच नाव आलं, फ्रिगेटबर्ड: समुद्रावरचा मोठा, काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. मी टेंभुर्णीत, मामा भिगवणच्या बाजूला, मधे जिल्ह्याची हद्द आणि दिवस टाळेबंदीचे. पासाशिवाय जाता येईना. मग मी जे कधीही करायला नको ते केलं. पुस्तकातल्या फ्रिगेटबर्डच्या पानाचा फोटो काढून मामांना पाठवला आणि विचारलं, “हीच का?”

दोन मिनिटांत उत्तर आलं, “हीच.”

ती नोंद त्या दोन मिनिटांत माझ्या हातून गेली. मामा खोटं बोलले नव्हते. पण नंतर मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या चित्रातून येऊ लागलं. शेपटी कशी होती? कात्रीसारखी. चोच? लांब, टोकाला वाकडी. छाती? पांढरी. सगळं चित्रात होतं तसं. चित्र पाहण्याआधी त्यांना नक्की काय दिसलं होतं, हे आता त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मी भूगोल शिकवायचे. आता निवृत्त आहे आणि उजनीच्या आसपासच्या पक्षीनोंदी तपासायचं काम हौसेनं करते. दर पावसाळ्यात पाच-सहा फोन असे येतातच: समुद्रावरचा पक्षी आलाय, कधी न पाहिलेला आहे, तुम्ही बघा. त्या फोनचं पुढं काय करायचं, हे मी त्या दिवशीच्या चुकीतून शिकले. तुमच्या गावाजवळ तलाव असेल आणि पक्ष्यांचं थोडं कळतं म्हणून लोक तुम्हाला विचारत असतील, तर हे तुमच्या कामाचं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढून टाका: ‘एवढ्या लांब समुद्रपक्षी कसा येईल?’ हा प्रश्न. भिगवण ते किनारा सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर, आणि मधे सह्याद्री. माणसाला हे अंतर मोठं वाटतं. फ्रिगेटबर्डला ते काहीच नाही. मोझांबिकच्या सामुद्रधुनीतल्या यूरोपा बेटावरच्या ‘मोठा फ्रिगेटबर्ड’ या जातीच्या पक्ष्यांना यंत्रं बांधून शास्त्रज्ञांनी पाहिलं, तेव्हा हे पक्षी दोन-दोन महिने जमिनीला न टेकता हवेत राहिल्याचं आढळलं. ढगांखालच्या वर चढणाऱ्या हवेवर स्वार होऊन ते चार किलोमीटर उंचीपर्यंत जातात. अशा पक्ष्याला पश्चिमेचा वारा मिळाला तर घाट आडवा येईल असं मला वाटत नाही. सूटी टर्न हा काळ्या पाठीचा सुरय तर पिलू असताना एकदा उडायला लागला की वर्षानुवर्षं समुद्रावरच काढतो. तो लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर वीण करतो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की सूटी टर्न, मास्क्ड बूबी असे दमलेले पक्षी केरळपासून गुजरातपर्यंत किनाऱ्यावर सापडतात. त्यातला एखादा आत येणं अशक्य नाही.

पण अशक्य नाही म्हणजे झालंच असंही नाही. उजनीवर घारी शेकड्यांनी आहेत. एखादा काळा, मोठा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी दिसला तर तो घार असण्याची शक्यता कैकपट जास्त, हे विसरून चालत नाही. दोन्ही गोष्टी मनात धरूनच प्रश्न विचारायचे.

आणि प्रश्न विचारण्याआधी बोलू द्यायचं. मी आता फोन आला की वही उघडते आणि एवढंच म्हणते, “पहिल्यापासून सांगा. तुम्ही कुठं होता, आणि तो आधी कुठं दिसला?” पक्ष्याचं नाव मी उच्चारत नाही. समोरच्यानं उच्चारलं तर लिहून घेते, पण त्यावर हो-नाही करत नाही. चित्र दाखवायचं नाही, आवाज ऐकवायचा नाही, “शेपटी दुभंगलेली होती ना?” असं तर मुळीच विचारायचं नाही. “शेपटी कशी होती?” एवढंच. “लक्षात नाही” हे उत्तर आलं तर ते तसंच लिहायचं. मला तर त्या उत्तरानं उलट भरवसा येतो. ज्याला चोचीपासून नखापर्यंत सगळंच आठवतं, त्यानं मधल्या वेळात पुस्तक उघडलेलं असण्याची शक्यता जास्त. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा. “कोयत्यासारखे पंख” हे “टोकदार, मागे वाकलेले पंख” असं करून लिहू नका. कोयता ज्यानं रोज हातात धरलाय त्याला त्याचा बाक नेमका माहीत असतो.

दोघांनी पाहिलं असेल तर दोघांशी वेगवेगळं बोला, आणि शक्यतो त्याच दिवशी. संध्याकाळी पारावर चर्चा झाली की दोघांचा पक्षी एकच होऊन जातो.

माझ्याकडे एक प्रश्न आहे, जो इतर दहा प्रश्नांइतकं काम करतो. तो म्हणजे, मासा कशानं उचलला? घार झेप घेते ती पाय पुढं काढून. मासा पंजात पकडते आणि उडता उडताच मान खाली घालून पंजातलं तोडून खाते. फ्रिगेटबर्डचे पाय अगदी लहान, पकडीच्या कामाचे नाहीत. तो सगळं चोचीनं करतो: पाण्याच्या पृष्ठभागावरून उचलणं असो की दुसऱ्या पक्ष्याच्या तोंडचा घास हिसकावणं. एका ऑगस्टमध्ये पळसदेवकडच्या एका मच्छीमारदादांनी मला इतकं बारीक वर्णन सांगितलं की माझीही छाती धडधडायला लागली. काळाकुट्ट, मोठा, पंख लांब, एकटाच. मग मी हा प्रश्न विचारला.

“पायात होता, बाई. चिलापी होती. उडता उडताच मुंडकं खाली घालून खात होती.”

घार. पावसात भिजलेली, पिसं चिकटल्यानं जास्त काळी आणि सडपातळ दिसणारी घार. दादांनी जे पाहिलं ते अगदी अचूक सांगितलं होतं, म्हणूनच उलगडा झाला. मी त्यांना तसंच सांगितलं आणि पुढंही फोन करा म्हणाले.

दुसरा प्रश्न, पाण्यावर बसला का? फ्रिगेटबर्डची पिसं पाण्यापासून नीट राखलेली नसतात. भिजला तर त्याला उठणं कठीण, म्हणून तो पाण्यावर उतरत नाही. “लाटांवर बसून हेलकावे घेत होता” असं कोणी सांगितलं तर फ्रिगेटबर्ड बाद, तिथं कुरव, बूबी किंवा दुसरं काही शोधा.

तिसरा प्रश्न पंखांच्या टोकाचा. घारीच्या पंखाच्या टोकाला हाताच्या बोटांसारखी सुटी पिसं दिसतात. फ्रिगेटबर्डचं टोक एकच, भाल्यासारखं. त्याचा पंख मधेच जोरात वाकलेला असतो, दोन्ही मिळून पसरट इंग्रजी डब्ल्यू दिसतो. शेपटीवर मात्र फार विसंबू नका. फ्रिगेटबर्ड बराच वेळ शेपटी मिटून ठेवतो, तेव्हा ती खोल दुभंगलेली नाही तर एकाच लांब टोकाची दिसते. घारीची शेपटी सुकाणूसारखी सतत डावीउजवीकडे पिळवटत राहते, हे मात्र लोक न विचारता सांगतात, कारण ते हलणं डोळ्यात भरतं.

आकार विचारा, पण रिकाम्या आभाळातल्या एकट्या पक्ष्याचा आकार कोणालाच नीट सांगता येत नाही, मलाही नाही. म्हणून “किती मोठा होता?” याऐवजी “जवळपास दुसरं काय उडत होतं?” असं विचारा. ‘लहान फ्रिगेटबर्ड’ या जातीचे पसरलेले पंख सहा फुटांच्या आसपास, ‘मोठा फ्रिगेटबर्ड’ या जातीचे सात फुटांच्या आसपास, आणि घारीचे पाच फुटांच्या आतबाहेर. शेजारी घार असेल तर फरक कळतो, नसेल तर तो मुद्दा सोडून द्या.

घारीखेरीज फसवणारे आणखी आहेत. दुपारी उन्हात उंच घिरट्या घेणारा तिरंदाज पाहिलाय? बारीक मान, लांब शेपटी, आभाळात काळा क्रूस. पाण्यात बुडी मारणारा म्हणूनच ज्यांनी तो पाहिलाय, त्यांना तो वर गेल्यावर ओळखू येत नाही. काळ्या पाठीचा आणि पांढऱ्या पोटाचा सुरयासारखा पक्षी असेल तर पाणचिरा आठवा. नारिंगी चोच, आणि खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. तोही आपल्याकडे विरळाच, त्यामुळे ती नोंदही जपून घ्या. पांढऱ्या अंगाचा, काळ्या पंखकडांचा मोठा पक्षी उंचावर दिसला की कोणी बूबी म्हणतं. पांढरं गिधाड खालून जवळजवळ तसंच दिसतं, पाचरीच्या आकाराच्या शेपटीसकट. आणि पावसाळी सांजेला पाण्यालगत भिरभिरणारी, बुडाशी पांढरा पट्टा असलेली पाकोळी पाहून विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल या छोट्या समुद्रपक्ष्याची आठवण होते. त्याच्याही बुडाशी तसाच पांढरा पट्टा असतो. फरक वागण्यात आहे: स्टॉर्म पेट्रेल पाय खाली सोडून पाण्यावर थपथप करत चालल्यासारखा उडतो, पाकोळी पाण्याला चाटून सरळ वर जाते.

सुरयांच्या बाबतीत कपाळ पाहा. सूटी टर्नच्या कपाळावरचा पांढरा भाग डोळ्यापाशी थांबतो आणि पाठ कोळशासारखी काळी असते. ब्रायडल्ड टर्न, जो आपल्या वेंगुर्ला रॉक्सवर घरटी करतो, त्याची पांढरी भुवई डोळ्याच्या मागं जाते, पाठ राखाडी-तपकिरी आणि मानेमागं फिकट पट्टा. सूटी टर्नचं पिलू मात्र दिसायला वेगळंच, सगळं अंग गडद आणि पाठीवर पांढरे ठिपके. हे न कळल्यानं चांगली नोंद वाया जाऊ शकते.

हे सगळं लिहून झालं की मी हवामान उघडते, त्याआधी नाही. आधी उघडलं तर वादळ डोक्यात बसतं आणि मग प्रत्येक घार फ्रिगेटबर्ड होते, जशी माझी झाली. वर्गात मुलांना मी सांगायचे: उजव्या हाताचा अंगठा वर करून मूठ वळा, बोटं वळतात त्या दिशेनं आपल्याकडचं चक्रीवादळ फिरतं. आता ते वादळ पुढं सरकतंय असं धरा. त्याच्या वाटेच्या उजव्या हाताला वारा समुद्राकडून जमिनीत शिरतो. निसर्ग ईशान्येकडे गेलं, उजनी त्याच्या वाटेच्या उजव्या अंगाला होती. त्यामुळे मामांच्या बातमीला वाऱ्याचा आधार होता, हे खरं. त्याउलट मे २०२१ मधलं तौक्ते कोकणाला समांतर उत्तरेकडे गेलं आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात उना-दीवच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. तशा वादळात किनाऱ्यावर पक्षी मिळतील, गुजरातेत मिळतील, पण उजनीवरच्या बातमीला मी जास्त पुरावा मागेन. काही पक्षी वादळाच्या मधल्या शांत डोळ्यात अडकून त्याच्यासोबतच आत येतात, म्हणून नुसता किनारा न पाहता वादळाचा पुढचा मार्गही पाहावा. विदर्भातल्या मंडळींनी बंगालच्या उपसागराकडेही लक्ष ठेवावं. तिथून येणारे कमी दाबाचे पट्टे भर पावसाळ्यात थेट तुमच्या डोक्यावर येतात.

वादळानंतरचे दोन-तीन दिवस मला सगळ्यात मोलाचे वाटतात. त्या दिवसांत अलिबाग, हरिहरेश्वर, रत्नागिरीकडच्या ओळखीच्या माणसांना विचारा. त्यांना एकाएकी समुद्रपक्षी दिसू लागले असतील तर तुमच्या बातमीचं वजन वाढतं. जानेवारीतल्या निरभ्र दिवशी आलेली बातमी मी फेकून देत नाही, पण तिला फोटोशिवाय पुढं नेत नाही.

फोटो असेल तर मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आपली तारीख-वेळ गमावून बसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती राहते. कापलेला, उजळलेला फोटो नको, आधी-नंतरचे सगळे पाठवा म्हणा. हललेले, अर्धवट फोटोही मागा, कारण पंखाचा बाक एखाद्या हललेल्या फोटोतच नीट दिसतो. मग पक्षी सोडून बाकीचं पाहा. उजनीच्या बाबतीत पाणीच कॅलेंडरचं काम करतं. उन्हाळ्यात धरण उणे साठ्यात गेलं की काळी माती भेगाळून उघडी पडते आणि पळसदेवचं जुनं देऊळ कोरड्यावर उभं राहतं. एका तरुणानं ऑगस्टअखेरचा म्हणून सुरयाचा फोटो पाठवला होता. मागं देऊळ पायापर्यंत उघडं, आणि त्या आठवड्यात धरण तर भरत आलेलं. विचारल्यावर कळलं, फोटो त्याच्या मित्राचा, मित्राला तो कुठल्याशा ग्रुपवर मिळालेला. पोरानं लबाडी केली नव्हती, हातोहात येताना तारीख बदलली होती. त्याला ओरडू नका. पुढच्या वेळी तोच स्वतः काढलेला फोटो आणेल.

पक्षी जमिनीवर सापडला असेल तर तपास नंतर, पक्षी आधी. दमलेला समुद्रपक्षी पाहून लोक मायेनं त्याला धरणात सोडतात. तसं करू देऊ नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. बूबीची चोच धारदार असते, तोंड त्याच्या टप्प्याबाहेर ठेवा. खोक्यात ठेवता ठेवता तीन फोटो काढले तरी पुरे: डोकं बाजूनं, पाठ वरून, पंख खालून. मेलेला असेल तर उघड्या हातानं शिवू नका. शेजारी मोजपट्टी नाहीतर दहाचं नाणं ठेवून फोटो काढा आणि वनविभागालाच कळवा.

राहिला निर्णय. आपण ‘खरं’ आणि ‘खोटं’ असे दोनच कप्पे करतो, तिथं माणसं दुखावतात. माझ्या वहीत कप्पे जास्त आहेत. ‘फ्रिगेटबर्ड, जात ठरली नाही’ ही पूर्ण आणि चांगली नोंद आहे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही तशी नोंद करायची सोय आहे. लहान फ्रिगेटबर्डच्या नराच्या काखेत पांढरा डाग येतो, मोठ्याचा नर खालून पूर्ण काळा. मादीत लहानाचा गळा काळा, मोठ्याचा फिकट राखाडी. पण हे दिसलंच नसेल तर ओढूनताणून जात चिकटवण्यात काय मिळतं? आणि ज्या नोंदीचा निकाल लागत नाही, तिच्यापुढं मी ‘नामंजूर’ लिहीत नाही. ‘पुरावा अपुरा’ लिहिते आणि काय कमी पडलं तेही लिहिते. ज्यानं कळवलं त्याला फोन करून सांगते. पहाटे चारला जाळं ओढायला जाणाऱ्या माणसाइतकं धरण कोणी पाहत नाही. त्यानं कळवायचं थांबवलं तर तपासायला काही उरणारच नाही.

मामांच्या नोंदीपुढं माझ्या वहीत असं आहे: ‘४ जून २०२०, कुंभारगाव. मोठा काळा पक्षी, एक. वारा अनुकूल. चित्र दाखवण्यापूर्वीचं वर्णन: “घार आहे, पण घार नाही.” पुढचं वर्णन ग्राह्य नाही, तपासणाऱ्याची चूक. पुरावा अपुरा.’

गेल्या पावसाळ्यात मामांचा पुन्हा फोन आला. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, “बाई, आधी मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या.” मी वही ओढली. “लई उंच होता. काळा. पंख पसरून नुसता फिरत होता, हलवत नव्हता. शेपूट लांब, पंख्यासारखं. मान बारीक, सापासारखी, पुढं ताणलेली. बोटं दिसली नाहीत. मासा धरताना बघितला नाही.” शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी लिहिलं: तिरंदाज, एक, उंच घिरट्या.